‘त्याने स्वतःच्या हाताने खाल्ला’ या युक्तिवादाला कायद्यात उत्तर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : एका भगिनीचा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. तेराव्या वर्षी शाळेसमोरच्या टपरीवर त्याला गुटख्याची सवय लागली आणि ती कधी सुटली नाही. गेल्या वर्षी गालाच्या कर्करोगामुळे त्याच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागला. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून झाला, पण त्याचे काम सुटले, त्याला नीट बोलता येत नाही आणि घरात दोन लहान मुले आहेत. ‘त्याने स्वतःच्या हाताने खाल्ला, मग कंपनीचा काय दोष?’ असे नातेवाईकही म्हणतात आणि एका वकिलानेही तेच सांगितले. कंपनीला जबाबदार धरता येईल का, असे त्या विचारतात.

ताई, आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. दावा करता येतो. कायद्याने तो दरवाजा बंद केलेला नाही. मात्र एकट्या रुग्णाने तो दावा जिंकणे आजच्या घडीला फार अवघड आहे, आणि ग्राहक व अन्नसुरक्षेचे खटले सव्वीस वर्षे चालवल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, गुटख्याच्या बाबतीत खरा फिर्यादी राज्य सरकारनेच व्हायला हवे. तरीही आपल्या हातात आज जे आहे ते वाया जाऊ नये, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर मांडतो.

‘स्वतःच्या हाताने खाल्ला’ या वाक्यापासून सुरुवात करू, कारण कंपनीचा वकीलही तेथूनच सुरुवात करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते जुलै २०२० पासून लागू आहे. उत्पादनाच्या रचनेत दोष असेल किंवा त्यावर पुरेशी सूचना नसेल, तर त्यामुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून मागता येते, असे त्यातील कलम ८४ सांगते. लगेच पुढे कलम ८७ मध्ये कंपनीसाठी ढाल ठेवलेली आहे : जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्याला सर्वसाधारणपणे ठाऊक असतो, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही. तंबाखूने कर्करोग होतो हे सर्वांना ठाऊक आहे, पुडीवर चित्रही होते, तरी त्याने खाल्ले, असा हा युक्तिवाद असतो. ऐकायला तो बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात त्याला तीन ठिकाणी भगदाडे आहेत आणि आपल्या भावाच्या प्रकरणात ती तिन्ही आहेत.

पहिले भगदाड वयाचे आहे. तेरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने साधा करारही करू शकत नाही, मग त्याने आयुष्यभराचा धोका ‘समजून उमजून’ पत्करला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा २००३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकणे हा २००४ पासून गुन्हा ठरला. तेव्हा आपला भाऊ जेमतेम पंधरा वर्षांचा असणार. त्यापुढच्या तीन वर्षांत त्याला विकली गेलेली प्रत्येक पुडी कायदा मोडून विकली गेली आहे. अर्थात त्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २०० रुपये ठेवलेला आहे आणि तो टपरीवाल्याने भरायचा आहे, कंपनीने नव्हे. हा आकडा वाचून प्रत्येक वेळी मला तितकाच त्रास होतो.

दुसरे भगदाड व्यसनाचे. गुटखा म्हणजे सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुगंध यांचे मिश्रण. त्यातला चुना चवीपुरता नसतो. चुन्यामुळे तोंडातली आम्लता कमी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. पान लावणारा माणूस चुना स्वतः बोटाने लावतो. पुडीतला चुना मात्र कारखान्यात ठरतो. गोडवा, सुगंध, एका पुडीतले प्रमाण आणि शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल अशी किंमत, हे सगळे कारखान्यात ठरते. जो पदार्थ सोडताच येऊ नये अशा रीतीने बनवला आहे, त्याच्या बाबतीत ‘तो सोडू शकत होता’ हा बचाव मान्य होता कामा नये. कलम ८४ मधील रचनेच्या दोषाचा मुद्दा येथे नेटाने मांडता येतो.

तिसरे भगदाड सर्वांत मोठे आहे आणि ते खास महाराष्ट्राचे आहे. आपला भाऊ ज्या सुमारास पहिली पुडी खात होता त्याच सुमारास, १ ऑगस्ट २००२ रोजी, महाराष्ट्र सरकारने गुटखा आणि पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात राज्याच्या अधिकाऱ्याला एवढा व्यापक अधिकार नव्हता. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला, २०११ च्या विनियमांनी कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन वापरण्यास मनाई केली आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती देण्यास नकार दिला. अन्नसुरक्षा आयुक्तांना एका आदेशाने एक वर्षापुरतीच बंदी घालता येते, म्हणून तो आदेश तेव्हापासून वर्षागणिक नव्याने काढावा लागतो. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षापासून आपल्या भावाने जे खाल्ले, ते या राज्यात बनवणे, साठवणे, वाहून नेणे आणि विकणे बेकायदा होते. खाणे मात्र गुन्हा नव्हता. ज्याने कायदा मोडला नाही त्याच्या ‘संमती’चा आधार कायदा मोडणाऱ्याने घ्यावा, ही गोष्ट न्यायाच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

सूचनेच्या पुरेसेपणाबद्दल आणखी एक मुद्दा आहे. बंदी आल्यावर एका पुडीचे दोन भाग झाले. एकीत तंबाखूविरहित पानमसाला, दुसरीत तंबाखू. ग्राहक दोन्ही फाडतो आणि तळहातावर एकत्र करतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जोडपुड्यांवरही बंदीची अंमलबजावणी करण्याचे निर्देश राज्यांना दिले, तरी हा प्रकार थांबला नाही. यातल्या पानमसाल्याच्या पुडीवर पानमसाला चघळणे आरोग्यास हानिकारक आहे एवढीच ओळ असते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवले. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडणे कमी होत जाते आणि ते सहसा पूर्ववत होत नाही. यातले काहीही त्या ओळीत नाही. ‘हानिकारक’ हा शब्द आणि ‘कर्करोग’ हा शब्द यांत फार अंतर आहे. तंबाखू नाही म्हणजे धोका नाही असे मानून फक्त पानमसाला खाणारे किती तरी लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या बाबतीत ‘धोका सर्वांना ठाऊक होता’ हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

एवढे सगळे असताना दावा अवघड का, हे मला माझ्याच एका पक्षकाराच्या प्रकरणातून सांगता येईल. काही वर्षांपूर्वी एका हमालाच्या पत्नीसाठी मी तक्रार दाखल केली होती. नवरा तोंडाच्या कर्करोगाने गेला होता. ती बाई विलक्षण चिकाटीची. नवऱ्याचे कपडे धुताना खिशातून निघालेल्या रिकाम्या पुड्या तिने दुधाच्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या, आधी त्याला दाखवून भांडण्यासाठी आणि नंतर सवयीने. आमच्याकडे डॉक्टरांचे कागद होते, जीभ आणि गाल यांवर व्रण कोठे होते त्याचे चित्र होते, पुड्या होत्या. उलटतपासणीत तिला एवढेच विचारले गेले : अठरा वर्षांत तुमचा नवरा कोणकोणत्या नावाच्या पुड्या खात होता, कोणत्या वर्षी कोणती, आणि खरेदीची पावती कोठे आहे? पुडीची पावती या राज्यात कोणी कोणाला दिली आहे काय? पिशवीत चार वेगवेगळ्या नावांच्या पुड्या निघाल्या. त्यातली कोणती कारणीभूत, हे सिद्ध झाले नाही आणि तक्रार फेटाळली गेली. निकाल ऐकून त्या बाईने मला विचारले, ‘म्हणजे चौघांनी मारलं म्हणून कोणीच मारलं नाही का?’ तो प्रश्न मी तेव्हापासून सोबत बाळगून आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर जगात इतरत्र शोधले गेले आहे. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे दावे कित्येक दशके असेच हरत होते. प्रत्येक वेळी कंपनी रुग्णाचे चारित्र्य आणि सवयी ज्यूरीपुढे मांडायची. १९९४ मध्ये मिसिसिपी राज्याचे महाधिवक्ता माइक मूर यांनी पवित्रा बदलला. गरिबांच्या उपचारांवर राज्याने केलेला खर्च राज्यानेच कंपन्यांकडे मागितला. राज्याने तर कधी सिगारेट ओढलेली नव्हती, त्यामुळे ‘स्वतःच्या हाताने’ हा बचाव तेथे लंगडा पडला. एकामागून एक राज्ये पुढे आली, चार राज्यांनी स्वतंत्र तडजोडी केल्या आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांनी मोठ्या कंपन्यांशी करार केला. पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे, फलकांवरच्या आणि मुलांना भुलवणाऱ्या व्यंगचित्रांच्या जाहिराती बंद करण्याचे आणि अंतर्गत कागदपत्रे खुली करण्याचे बंधन कंपन्यांवर आले. माझ्या मते पैशांपेक्षा ती कागदपत्रे मोलाची होती, कारण निकोटिन व्यसन लावते हे कंपन्यांना १९६० च्या दशकातच ठाऊक असल्याचे त्यांतून जगापुढे आले. एप्रिल १९९४ मध्ये मात्र सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीसमोर शपथेवर नेमके उलटे सांगून गेले होते. हेही नमूद केले पाहिजे की, मिळालेल्या पैशांतला फार थोडा वाटा राज्यांनी तंबाखू नियंत्रणावर खर्च केला. तो धडा आपण आधीच घ्यायला हवा.

आपल्यासाठी कॅनडाचे उदाहरण मला जास्त उपयोगी वाटते. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००० मध्ये एक स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार सरकारला आरोग्यखर्चाच्या वसुलीचा दावा थेट स्वतःच्या नावाने करता येतो. एकेका रुग्णाला उभे करण्याची गरज नाही. लोकसंख्येवरील आकडेवारी पुरावा म्हणून चालते आणि कोणत्या कंपनीने किती द्यायचे हे बाजारातल्या तिच्या वाट्यावरून ठरवता येते. पुड्यांची पिशवी घेऊन आलेल्या त्या बाईच्या प्रश्नाला हे कायदेशीर उत्तर आहे. कंपन्यांनी त्या कायद्याला आव्हान दिले आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो वैध ठरवला. क्यूबेकमध्ये रुग्णांचा सामूहिक दावा १९९८ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये निकाल लागला. धोके बऱ्यापैकी माहीत झाल्यानंतर, म्हणजे १९७६ पासून पुढे, ज्यांनी सिगारेट सुरू केली त्यांच्याकडे न्यायाधीशांनी २० टक्के दोष दिला आणि उरलेला ८० टक्के कंपन्यांकडे. दोष असा वाटूनही देता येतो. आपल्या नातेवाइकांना हे जरूर सांगा, कारण ‘तो निर्दोष की कंपनी निर्दोष’ असा प्रश्न मुळात चुकीचा आहे. २०२५ मध्ये या सगळ्या दाव्यांची मिळून ३२.५ अब्ज कॅनडियन डॉलरची तडजोड मंजूर झाली. सत्तावीस वर्षे लागली, हेही मी लपवत नाही.

महाराष्ट्राकडे असा दावा करण्यासाठी लागणारे सगळे साहित्य पडून आहे. जुलै २०१२ मध्येच, म्हणजे ज्या महिन्यात गुटखाबंदी आली त्याच महिन्यात, जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ती राज्यभर चालली. आपल्या भावाची शस्त्रक्रिया अशाच योजनेतून झाली. म्हणजे तोंडाच्या कर्करोगाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे, रेडिएशनचे, केमोथेरपीचे बिल, रुग्णाचे वय, जिल्हा आणि निदान यांसह सरकारी संगणकात आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. आपल्याकडचा प्रश्न सिगारेटपेक्षा पुडीचा आहे, हे यावरून स्पष्ट होते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे आणि दाव्यास पात्र अपकृत्ये, म्हणजे ज्यांची भरपाई दिवाणी दाव्यात मागता येते अशी कृत्ये, समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत, आहेत. त्यामुळे विधिमंडळाने मनात आणले तर ब्रिटिश कोलंबियासारखा कायदा येथे होऊ शकतो. भारताने २००४ मध्ये ज्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली, त्याचा अनुच्छेद १९ सरकारांना नेमका याच दिशेने, म्हणजे दायित्व आणि भरपाईचे कायदे करण्याचा, विचार करायला सांगतो.

सरकार हे करत नाही, याचे एक कारण आपण स्पष्ट बोलले पाहिजे. तंबाखूवरचा कर तिजोरीत दिसतो आणि आजाराचा खर्च लाखो घरांत विखुरलेला असतो. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूजन्य आजार आणि मृत्यूंमुळे पस्तीस वर्षांवरील लोकांच्या बाबतीत देशाला १,७७,३४१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचा अंदाज आहे आणि तंबाखूवरील उत्पादन शुल्काची रक्कम त्याच्या सुमारे १२ टक्केच भरते. दुसरीकडे, सरकारी आयुर्विमा महामंडळाने देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत मोठा हिस्सा बाळगला आहे. २०१७ मध्ये या गुंतवणुकीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. राज्याचे माजी मंत्री सतीश पेडणेकर तोंडाच्या कर्करोगाने गेले, त्यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर त्या याचिकाकर्त्यांपैकी होत्या. ज्या घरात सत्ता होती त्या घरालाही पुडीने सोडले नाही.

फौजदारी बाजूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे आणि कलम ६५ खाली मृत्यूच्या प्रकरणात किमान पाच लाखांची भरपाईही आहे. कंपनीच्या गुन्ह्यासाठी तिच्या जबाबदार व्यक्तीला आरोपी करता येते. पण प्रत्यक्षात पंचनाम्यात येतात टेम्पोचा चालक, गोदामाचा रखवालदार आणि टपरीवाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात त्यातला हा प्रकार. भारतीय दंड संहितेची कलमे लावायची की केवळ अन्नसुरक्षा कायद्याची, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे वाद झाले आणि त्या वादात मूळ उत्पादकापर्यंतचा तपास मागे पडला. खरे तर पुडीवर चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि निर्मितीचा पत्ता असेल, तर मालाची वाट ई-वे बिलांवरून आणि करभरण्यावरून उलटी शोधता येते. पत्ता खोटा निघाला तर तोही पुरावाच आहे.

आता आपण काय करावे. भावाचे निदान होऊन दोन वर्षे पूर्ण होण्याआधी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा, कारण मुदत दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. नव्या कायद्यात आयोगाचे अधिकारक्षेत्र वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पुड्यांची एकूण किंमत पाच लाखांच्या आत असणार, त्यामुळे शुल्क लागणार नाही, आणि तक्रार आपण राहता त्याच जिल्ह्यात करता येईल. आपल्यासारखी आणखी कुटुंबे मिळाली तर आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करा. एकट्याच्या तक्रारीत ‘कोणती पुडी’ हा प्रश्न मारक ठरतो. पन्नास कुटुंबांनी तीच दोन-तीन नावे घेतली की त्याची धार कमी होते. आपल्या भागात कोणती पुडी राजरोस विकली जाते याची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करून पोच घ्या. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक म्हणून आपणही नमुना तपासून घेऊ शकता. मात्र नमुना घेताना तसा हेतू विक्रेत्याला सांगावा लागतो, म्हणून सोबत दोन साक्षीदार ठेवा आणि वाद घालू नका. टपरीवाल्याला मुख्य प्रतिवादी करू नका. त्याच्याकडून मिळण्यासारखे काही नाही, साक्षीदार म्हणून मात्र तो मोलाचा आहे.

टपरीवर अजूनही पुडी मागणारे घरातले दुसरे कोणी असेल, तर १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक त्यांना द्या. आणि एक काम पुढच्या तपासणीच्या दिवशीच करा. भावाच्या केसपेपरवर बहुधा ‘तंबाखूचे व्यसन’ एवढेच लिहिलेले असेल. डॉक्टरांना विनंती करून कोणत्या वयापासून, रोज किती पुड्या, गुटखा की पानमसाला व तंबाखू वेगवेगळे, आणि कोणत्या नावाची पुडी किती वर्षे, हे भावाच्या तोंडून ऐकून त्यात लिहून घ्या. त्याला बोलणे जड जात असेल तर त्याने पाटीवर लिहावे. उपचार चालू असताना डॉक्टरांनी केलेल्या नोंदीला नंतर लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा आयोग जास्त वजन देतो, आणि माझ्या त्या जुन्या प्रकरणात हीच नोंद आमच्याकडे नव्हती.